कुलूप काढल्यावर

मे महिना आणि दिवाळी. या दोन सुट्ट्या संपल्या की या सदराच्या टपालाला एकच सूर लागतो. लोक लेकीकडे, मुलाकडे, गावी, माहेरी जाऊन परत आलेले असतात, बॅगा अजून पुऱ्या रिकाम्या झालेल्या नसतात आणि डोक्यात काहीतरी खटकत असतं. या खेपेला अशी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याच पत्रानं निम्म्याहून जास्त जागा खाल्ली, त्याबद्दल बाकीच्या तिघांनी राग मानू नये.

प्रश्न : मेमध्ये बावीस दिवस आम्ही दोघं लेकीकडे बंगळुरूला होतो. परत आलो, कुलूप काढलं, दार ढकललं आणि एक वास अंगावर आला. घाण म्हणावी तर तशी नाही, पण ओळखीचाही नाही. हे म्हणाले, मोरीचा आहे. मला वाटलं, घर बंद होतं म्हणून असेल. मुलगा पुण्याला असतो, तो आम्हाला स्टेशनवरून आणायला आला होता. तो शांतपणे म्हणाला, "आई, आपल्या घराला कायमच असा वास येतो." चहाला आधण ठेवेपर्यंत मला वास यायचा थांबला. दोन दिवसांसाठी कुठे जाऊन आलं तर असं काही होत नाही. खरंच आमच्या घराला वास येतो का? येत असेल तर मला एरवी कसा कळत नाही?
(एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : तुम्ही तिघंही बरोबर आहात, त्यातही मुलगा सर्वांत जास्त. तो पुण्याला असतो हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण उत्तराची किल्ली तिथेच आहे.

आधी मोरीचं बघू, यजमानांचा मान राखायला हवा. न्हाणीघरात जमिनीवर जाळी असते, तिच्याखालचा पाइप सरळ खाली जात नाही. तिथे वाटीसारखा एक खोलगट भाग असतो आणि त्यात कायम दोनेक इंच पाणी साचून राहतं. प्लंबर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी थेट अभियांत्रिकीच्या पुस्तकात जाऊन बसली आहे, याची मला उगाचच मौज वाटते. ते साचलेलं पाणी म्हणजे गटार आणि घर यांच्यामधलं दार. रोज अंघोळी होतात तोवर दार लागलेलं असतं. घर तीन आठवडे बंद, त्यातून मे महिना, की पाणी उडून जातं आणि गटारातली हवा, तिच्यामागून झुरळं, निवांत वर येतात. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड, आणि यजमान जिंकले. उपाय सोपा आहे. आल्या आल्या प्रत्येक मोरीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता. पुढच्या वेळी निघतानाच त्या पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडा. तेलाचा तवंग पसरला की खालचं पाणी सावकाश उडतं.

पण वास घाण नव्हता असं तुम्हीच लिहिता. म्हणजे मोरी नसावी, निदान नुसती मोरी नसावी.

दुसरा वास कोंडलेल्या घराचा. घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू सतत काही ना काही हवेत सोडत असते. कपाटाच्या प्लायवूडमधला गोंद, भिंतीचा रंग, साड्यांमधल्या डांबरगोळ्या, जुनी पुस्तकं, गाद्या, सगळं. एरवी खिडक्या उघड्या असतात, तेव्हा हे सगळं वाऱ्यावर जातं. कुलूप लागलं की सोडणं चालू राहतं आणि जाणं बंद होतं. घर उन्हानं तापलं की सोडणं आणखी वाढतं. तुमचा वास मेमधला, म्हणून या जातीचा.

गणपतीला गावी जाऊन आलेल्यांचा वास निराळा असतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते, तेवढ्यात बुरशीचं चांगलंच फावतं. चामड्याच्या चपलांवर, कमरेच्या पट्ट्यावर, कपाटाच्या पाठच्या फळीवर पांढुरकी साय धरते. कुबट म्हणतो तो वास ही बुरशी आणि तिच्या जोडीचे जीवाणू हवेत सोडतात त्या रसायनांचा. त्यांच्यातलं एक जिओस्मिन. बिटाला मातकट वास असतो तो त्याचाच, आणि पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या वासातही मोठा वाटा त्याचाच. पावसाच्या त्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी दिलं. कनौजचे अत्तरवाले तो त्याच्या आधीपासूनच 'मिट्टी अत्तर' म्हणून कुपीत भरत होते. जिओस्मिन अंगणातून आलं की माणसं खिडकीशी जाऊन उभी राहतात. कपाटातून आलं की कपाट उन्हात काढतात.

आता तुमच्या मुलाचा वास. म्हणजे, मुलाला आलेला वास.

प्रत्येक घराला स्वतःचा वास असतो. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताच तो कळतो, फक्त सभ्य माणसं बोलत नाहीत. शाळेत असताना मैत्रिणीचा स्वेटर अंगात घातला असेल तर आठवा, दिवसभर तिच्या घरात बसल्यासारखं वाटायचं. हा वास कशाकशाचा असतो? हिंग-मोहरीच्या फोडणीची तेलकट वाफ पडद्यांत जाऊन बसते. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं उशांच्या अभ्र्यांपर्यंत पोचतात. मग उदबत्ती, कपड्यांचा साबण, डोक्याचं तेल, कुत्रं असेल तर कुत्रं. आणि माणसं. वय वाढतं तसं त्वचेवरच्या तेलाचं रसायन बदलतं. चाळिशीपुढच्या माणसांच्या अंगाच्या वासात नोनेनाल नावाचं एक द्रव्य सापडतं, असं जपानी संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. जपानीत त्या वासाला 'कारेइशू' असा शब्दच आहे. आपल्याकडे शब्द नाही, पण आजीच्या गोधडीत शिरलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

मग तुम्हाला का कळत नाही? कारण तुमचं नाक धडधाकट आहे.

नाकाच्या पोकळीत अगदी वर, टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत, वास ओळखणाऱ्या लाखो पेशी असतात. त्यांच्यावर वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं असतात, माणसात सुमारे ४०० प्रकारची. ही कुळी १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी शोधून काढली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रेणू चिकटला की पेशीत कॅल्शियम शिरतं. तेच कॅल्शियम मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाला जोर देतं आणि तेच थोड्या वेळात आत येण्याची वाट आवळून टाकतं. वास तसाच राहिला तरी पेशी गप्प होते. वर मेंदूही ठरवतो की ही बातमी जुनी झाली. एका अर्थानं नाक पहारेकरी आहे. रोज दिसणाऱ्या माणसाला पहारेकरी हाक मारत नाही, नव्याला अडवतो. सदैव हिंगाचाच वास येत राहिला असता तर दूध उतू जाऊन करपल्याचं कळलंच नसतं.

तुमचा वास चहाच्या आधणाआधी गेला तो या झटपट हिशेबानं. पण बावीस दिवसांनी आला आणि दोन दिवसांनी येत नाही, याचं कारण वेगळं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमध्ये पामेला डाल्टन आणि चार्ल्स वायसॉकी यांनी १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांच्या राहत्या घरात दोन आठवडे एक ठरावीक वास ठेवला. अपेक्षेप्रमाणे त्या माणसांचं नाक त्या वासापुरतं मंद झालं. गंमत पुढे आहे. वास काढून घेतल्यावरही ही मंदी लगेच गेली नाही, दोन आठवड्यांपर्यंत टिकून राहिली. म्हणजे घराबाहेर पडलात तरी नाक काही दिवस घरातच असतं. शनिवार-रविवार शिर्डीला जाऊन आलात तर ते घर सोडून गेलेलंच नसतं. तुम्ही बावीस दिवस बंगळुरूला होतात. नाकाला घराचा विसर पडायला तेवढे दिवस पुरले, आणि कुलूप काढलं तेव्हा चारेक मिनिटं तुम्ही तुमच्या घरी पाहुण्यासारख्या आलात. मुलगा मात्र कायमचाच पाहुणा झाला आहे. त्याला हे बोलून दाखवू नका.

वास कुठला ते ओळखायचं असेल तर एक करा. खिडक्या उघडून, मोऱ्यांत पाणी ओतून दिवसभर घर वाऱ्यावर ठेवा आणि संध्याकाळी मुलालाच बाहेरून एक फेरी मारून आत यायला सांगा. मोरीचा आणि कोंडलेला वास तोपर्यंत गेलेला असेल. त्यानंतरही त्याला जो येईल तो तुमचा.

एका वासाच्या बाबतीत मात्र या विसरभोळ्या नाकावर भिस्त ठेवू नका. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन मिसळतात. नाक इतर वासांना सरावतं तसंच त्यालाही सरावतं. कुलूप काढताच गॅसचा वास आला आणि दोन मिनिटांनी यायचा थांबला, तर गॅस थांबला असं नाही. दिव्याच्या, पंख्याच्या बटणाला हात लावू नका. खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर या.

थोडं विषयांतर. माझं माहेर राजापूरजवळचं. तिथे आठ दिवस राहिले तरी मला त्या घराचा वास एकदाही येत नाही, पहिल्या संध्याकाळी अंगणात जेवढा येतो तेवढाच. परत डोंबिवलीला येऊन पिशवीची चेन उघडते, आणि तो पिशवीतून बाहेर येतो. चुलीच्या धुराचा, आमसुलांचा, कुळथाच्या पिठाचा, ट्रंकेतल्या वाळ्याचा आणि आणखी कशाचा तरी, जे मला सांगता येत नाही. ज्या घरात होते तिथे नाही आला, आणि तीनशे किलोमीटरवर, वॉशिंग मशीनच्या शेजारी उभी असताना आला. डाल्टनबाईंच्या प्रयोगाप्रमाणे आठ दिवसांत सरावलेल्या नाकाला तो इतक्यात यायलाच नको, त्यामुळे याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. ती पिशवी मी दोन दिवस तशीच ठेवते. घरच्यांना वाटतं, आळस.

प्रश्न : दर दिवाळीत आम्ही कोल्हापूरहून पुण्याला भावाकडे जातो. जाताना रस्ता संपता संपत नाही. येताना कधी कात्रज गेलं आणि कधी किणी टोल आला कळत नाही. रस्ता तोच, गाडी तीच, चालवणाराही मीच. मग असं का?
(एक शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : रस्ता तोच म्हणता, पण तो पुरता तोच नव्हता. खंबाटकीला कित्येक वर्षं अशी सोय होती की पुण्याकडे जाणारी वाहतूक बोगद्यातून सुटायची आणि पुण्याहून येणाऱ्यांना घाट चढावा लागायचा. म्हणजे तेव्हा परतीची वाट थोडी जास्तच कष्टाची होती. तरीही ती लहान वाटायची, म्हणजे प्रश्न रस्त्याचा नाही.

नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या नील्स फान दे फेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही हेच कोडं पडलं होतं. त्यांनी बसच्या सहलीला गेलेल्यांना विचारलं, सायकलवरून गेलेल्यांना विचारलं, काहींना नुसती प्रवासाची चित्रफीत दाखवून विचारलं. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. परतीचा प्रवास सरासरी २२ टक्क्यांनी लहान वाटतो. तोपर्यंत सगळे एकच कारण सांगत असत, तुम्हीही मनात तेच धरलं असेल: येताना खुणा ओळखीच्या झालेल्या असतात, म्हणून वाट सरते. या मंडळींनी काही सायकलस्वारांना जाताना एका आणि येताना तितक्याच लांबीच्या दुसऱ्याच रस्त्यानं पाठवलं. अनोळखी रस्ता असूनही परतीची वाट लहानच वाटली. खुणांचं कारण तिथेच पडलं.

त्यांचं म्हणणं असं की घोटाळा जाताना होतो. निघताना आपण आशावादी असतो. 'सात वाजता निघालो की नाश्त्याला भावाकडे' असं कोल्हापुरात दाराशी ठरवतो, आणि कराडला पहिला चहा होईपर्यंतच दहा वाजतात. वाट अपेक्षेपेक्षा लांब निघाली म्हणून ती लांब वाटते. मग येताना आपण आधीच मनाची तयारी करून बसतो, 'आता सहा तास कुठे गेले नाहीत', आणि पाच-सव्वापाच तासांत शिरोलीचा फाटा दिसला की हायसं वाटतं. प्रयोगात काहींना आधीच बजावून सांगितलं होतं की प्रवास लांबचा आहे. त्यांच्यात हा फरक उरला नाही. पुढच्या दिवाळीत घरच्यांना निघण्याआधी सांगून बघा, पोचायला दुपार होईल. निदान मागच्या सीटवरून "अजून किती राहिलं?" कमी वेळा येईल.

जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये यात आणखी एक बारकावा दाखवला. प्रवास चालू असताना वेळेचा अंदाज जाता-येता सारखाच असतो. लहान-मोठेपणा ठरतो तो नंतर, दोन्ही प्रवास मनाशी ताडून पाहताना. म्हणजे वाट गाडीत नव्हे, घरी पोचून चपला काढताना आखूड होते. मला हे पटतं, पण एका गोष्टीनं पूर्ण नाही. जाताना पिशव्या, फराळाचे डबे, वेळेत पोचण्याचा धाक, सगळं सोबत असतं. येताना तुमची कुणीही वाट पाहत नसतं. माझ्या मते घाई नसलेला माणूस घड्याळ कमी वेळा बघतो, एवढंही कारण पुरेसं आहे. हे माझं मत, प्रयोगाचं नाही.

कोकणातल्या वाचकांनी हे उत्तर मनावर घेऊ नये. गौरी-गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी ज्यानं मुंबई-गोवा महामार्गावरून परतीचा प्रवास केला आहे, त्याला परतीची वाट लहान वाटते असं सांगायला गेलेला शास्त्रज्ञ माणगावच्या पुढे सुखरूप पोचणार नाही.

प्रश्न : न्यू जर्सीला मुलाकडे उन्हाळ्यात जाऊन आलो. तिकडे पाच-सहा दिवसांत झोप रुळली. मुंबईला परत आल्यावर बारा दिवस झाले, अजून दुपारी जेवताना डुलक्या आणि रात्री दोनला टक्क जागा. आपल्या घरी तर लवकर रुळायला हवं ना?
(एक निवृत्त बँक कर्मचारी, दादर)

उत्तर : शरीराला घर कळत नाही, दिशा कळते. मेंदूतलं आपलं घड्याळ मुळात २४ तासांपेक्षा किंचित जास्तीचं आहे, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला सोपं जातं आणि आखडणं जड. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे परतताना आखडतो. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असते, आणि पूर्वेकडच्या प्रवासात शरीर दिवसाला साधारण तासाभरानं जुळवून घेतं. वयाप्रमाणे आणखी दोन-तीन दिवस धरा. तुमचे बारा दिवस हिशेबाबाहेरचे नाहीत. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ देऊ नका. रात्री दोनला जाग आली तर मुलाला फोन करा, तिकडे संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतात.

प्रश्न : मी बडोद्यात वाढलो. आजी साताऱ्याला असते. तिच्याकडून निघताना मी 'जातो' म्हणालो की ती रागावते, 'येतो म्हण' म्हणते. निघतोय तर जातो म्हणण्यात काय चूक?
(एक विद्यार्थी, बडोदा)

उत्तर : व्याकरणात काहीच चूक नाही. चूक आहे ती 'गेला' या शब्दात. मराठीत 'ते गेले' एवढंच म्हटलं आणि कुठे ते सांगितलं नाही, तर ऐकणारा "अरेरे, कधी?" असं विचारतो. म्हणून उंबऱ्यावर जाण्याचं नाव काढायचं नाही. हीच रीत घरात इतर ठिकाणीही दिसेल. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. हातातली बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. जे संपतं, तुटतं, निघून जातं त्याला नेमकं उलटं नाव द्यायचं.

आणि ही एकट्या मराठीची खोड नाही. तुझ्याच बडोद्यात दारात उभं राहून लोक 'आवजो' म्हणतात, म्हणजे 'या'. तमिळ माणूस 'पोयिट्टु वरेन' म्हणतो, म्हणजे 'जाऊन येतो'. कन्नडातही 'होगि बर्तीनि', तेच. गणपतीला पाण्यात सोडतानासुद्धा आपण 'जा' म्हणत नाही, पुढच्या वर्षी लवकर 'या' म्हणतो. विसर्जन करून पाट रिकामा आणत नाहीत, नदीकाठची चिमूटभर वाळू त्यावर घालून घरी आणतात.

मराठीची आपली स्वतःची एक मखलाशी आहे ती यजमानाच्या बाजूनं. पाहुणा आला की दारात म्हणतो 'या', आणि पाहुणा निघाला की दारात म्हणतो 'या'. शब्द तोच, दार तेच. फरक फक्त चालीत. येताना ते दोनदा आणि भराभर येतं, 'या, या!' निघताना एकदाच आणि थोडं लांबवून, 'या हं.' तुझी आजी तुला 'येतो म्हण' म्हणते तेव्हा ती तुझ्याकडून त्या 'ये हं' चं उत्तर मागत असते.

माझी आई बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत येते. 'ये हं' म्हणते, रिक्षा वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आत जात नाही, आणि माणूस बाहेर पडल्याबरोबर केर काढायचा नसतो म्हणून माझ्या पायांची लाल माती संध्याकाळपर्यंत ओटीवर तशीच असते.